हळदीत आलेलं तुझं नाव

घिवलीहून

प्रिय जाऊबाई,

बोईसरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहा, डोक्याला वळण लागेल. कुणाला लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, ज्यांच्याशी बोलायचं राहिलंय त्यांना. मग दुसरं कोण आठवणार? तुझ्याशी तर भांडायचंच राहिलंय. परवा केळव्याला आपल्या भाचीच्या, रेश्माच्या हळदीत तू जे केलंस, त्यावरून.

होतीस तेव्हा तुला अहोजाहो करत होते. आता तू म्हणते. देवाला आणि गेलेल्या माणसाला तूच म्हणतात. तेवढी तरी बरोबरी होऊ दे.

कोरोनात आपण दोघी एकदमच पडलो, पालघरच्या इस्पितळात एकाच खोलीत होतो. शेजारच्या खाटेवरून तू म्हणालीस, "मंजे, झोपू नको गो. रेश्माच्या हलदीला गानी कोन म्हनेल?" आणि मला जागं ठेवून स्वतःच झोपलीस. मी घरी आले. दारात दृष्ट काढली, सगळे म्हणाले पुनर्जन्म झाला. खरंच म्हणाले. नव्यानं जन्मलेल्या पोरासारखीच गत आहे माझी.

झारा हातात असतो आणि त्याचं नाव येत नाही. बोंबलाच्या कालवणात चिंच घातली की नाही ते आठवत नाही, म्हणून पुन्हा घालते आणि सगळे तोंडं वाकडी करून जेवतात. बोलता बोलता मधेच थांबते. समोरचा वाट बघतो, मीही वाट बघते.

घरचे म्हणायचे, वय झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय आहेच, पण हे त्या आजारानंतरचं. खूप जणांना होतं. हळूहळू सुधारतं, कुणाचं पूर्ण, कुणाचं थोडं. बाहेर बाकड्यावर कारखान्यातला एक तरुण कामगार बसला होता. मला म्हणाला, "अम्मा, मैं भी मशीन के आगे खड़ा सोचता रहता हूँ, अब क्या करना था." मला त्याचाही हेवा वाटला. त्याचं चुकलं तर निदान कुणी त्याला तुझ्याशी ताडून बघत नाही.

मला मात्र बघतात. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. लिहिलं की डोक्यात राहतं. हळदीला एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. टाकणारी ज्या बाईचं नाव घेईल, तिनं उठून नवरीला हळद लावायची. नाव गळलं तर ती बाई पुढच्या लग्नापर्यंत रुसते. जन्मभर तू टाकलीस, मी झेलली. खणानारळाची पहिली ओटी तुझी. नारळसुद्धा तुलाच मोठा यायचा, मी बघत असे. "सुमतीचा गला म्हंजे गला," अख्खी वाडी म्हणायची. माझ्या गळ्याला कुणी कधी काही म्हटलं?

मला शाळा नाही. पोरांच्या पुस्तकांतून वाचायला शिकले आणि तुझ्या तोंडून गाणी. एकेक शब्द पाठ करून ठेवला होता, माझी पाळी येईल म्हणून. मग तू गेलीस. तुझी जागा मला मिळाली आणि नेमकं तेव्हाच डोकं असं झालं. ही कसली गं तुझी वाटणी?

तू गेलीस ती अख्खी गेलीस. तुझी एक ओळ कधी चुकली नाही आणि आता चुकणारही नाही. मी राहिले, आणि रोज थोडी थोडी चुकते, सगळ्यांच्या देखत. "सुमतीवैनी असत्या तर," असं कुणी ना कुणी म्हणतंच. असत्या तर त्याही झारा शोधत बसल्या असत्या, असं म्हणावंसं वाटतं. म्हणत नाही.

तर केळवं. आपल्या धाकट्या नणंदेनं, कुंदानं, लेकीच्या लग्नाचा मांडव अगदी दणक्यात घातला होता, सुपारीच्या वाडीत. ओळ टाकायला मी, झेलायला तुझी सून स्नेहल. आत्या, काक्या, शेजारणी, सगळ्यांची नावं सुरळीत आली. मग मामीची पाळी. आता रेश्माला मामी उरली एकच, ती म्हणजे मी. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"हलद लावाया ये गो सुमती मामी."

मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मुंबईचे पाहुणे कुंपणापलीकडून मोबाईल धरून उभे होते, त्यांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या. रेश्मा पाटावर मान खाली घालून रडू लागली. हळदीची वाटी धरलेली बाई माझ्याकडे बघतच राहिली. आणि मला माझं नाव सापडेना, जाऊबाई. तीन तर अक्षरं.

तेवढ्यात स्नेहलनं ओळ उचलली. "ये गो मंजुळा मामी." मी उठले, हळद लावली, रीत पार पडली.

आवाज तुझा. तोच, हेल काढून वर जाणारा. बायका कुजबुजल्या, "सासूचा गला सुनेत उतरला गो." ती पोर परक्या घरातून आली, दिवसभर तारापूरच्या कंपनीत असते, आणि तिच्यात उतरला? मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसले जन्मभर. माझ्यात उतरायला काय झालं होतं?

जेवणं झाल्यावर कुंदानं मला बाजूला घेतलं. "वैनी, रागवू नको. प्राचीच्या हलदीला स्नेहललाच म्हनू दे. तू आरामात बस."

प्राची, माझी स्वतःची नात. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न आहे. तिच्या हळदीला मी आरामात बसायचं?

निघताना तुझे मालक खाटेवर बसलेले दिसले. मला वाटलं, आता हेही बोलणार. तर म्हणाले, "आज कोनी तरी तिला हाक मारली, मंजू. बरं वाटलं." बघ. भर मांडवात फजिती माझी झाली, आणि त्यातूनही कोड पुरलं तुझंच.

रविवारी स्नेहल घरी आली. मी तोंड फिरवूनच बसले होते. ती शेजारी टेकली. "काकी, गला हाय माज्याकडे. पन पितरांचं आवतण मला येत नाय. ती नावं तुमालाच म्हायती."

सकाळी मांडवात पहिलं म्हणतात ते आवतण. देवांना बोलावून झालं की घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला या म्हणायचं. मी म्हणून दाखवलं. आजेसासूपासून सगळी नावं आली, कुठेही अडलं नाही. कालची भाजी आठवत नाही, पण जिला मी कधी बघितलंही नाही त्या सासऱ्यांच्या आत्याचं नाव जागच्या जागी आलं. मी आपली खूश. स्नेहल म्हणाली, "काकी, आईंचं नाव ऱ्हायलं."

राहिलं नव्हतं गं. मी ते घेतच नाही. केळव्यालाही सकाळी घेतलं नव्हतं. त्या रांगेत तुला बसवलं की तू गेलीस हे पक्कं झालं. मग मी जळायचं कुणावर?

आणि सकाळी बोलावलं नाही म्हणून संध्याकाळी तू हळदीत शिरलीस, माझं नाव बाजूला सारून. तुझाच स्वभाव. मान द्यायचा राहिला की गप्प बसणारी तू नव्हेसच.

तर आता ठरलं. प्राचीच्या हळदीला ओळ स्नेहल टाकेल, मी झेलेन. झेलायला मला जमतं. तिनं सुरुवात केली की पुढचं आपोआप येतं, रविवारी करून बघितलं. जळफळाट होईल, होऊ दे. सकाळचं आवतण मात्र माझं. ते मी कुणाला देणार नाही. आणि त्यात तुझं नाव घेईन, सगळ्यांत मोठ्यानं. लिहून दिलंय, म्हणजे आता विसरायची सोय नाही.

ये. जेवून जा. पहिली ओटी हवी तर तूच घे, मोठ्या नारळाची. फक्त मांडवात माझ्या मागे येऊन उभी राहा. जन्मभर मी तुझी ओळ झेलली, जाऊबाई. आता माझी अडली तर तू झेल.

तुझी धाकटी जाऊ,
मंजुळा
(बघ, आलं नाव.)