सज्ज्याच्या पिंपळाबाबत स्थगित निर्णय

१४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.

ही वही दुसऱ्या कोणी वाचण्यासाठी नाही. त्यामुळे तिच्यात नम्रतेचे प्रयोजन नाही.

हुगळीकाठच्या आमच्या चंदननगरात डिसेंबरातील पुष्पप्रदर्शनात शेवंतीचे पहिले पारितोषिक गेली सात वर्षे समोरच्या पतितपावन कुंडूला मिळत आहे. कुंडू पोस्टातून निवृत्त झाला. मी महाविद्यालयात चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालो. बागकाम म्हणजे कार्यकारणभावाचे उपयोजन, दुसरे काही नाही. यावरून निघणारे अनुमान लिहून काढण्याचीही गरज नाही.

गच्चीवर अठ्ठेचाळीस कुंड्या मांडल्या. रोपे कुंडूकडूनच आणली. त्याने ती हसत दिली. हसण्याचे कारण विचारले नाही.

संकल्प: पहिले पारितोषिक. त्याहून कमी काही आल्यास ते स्वीकारणार नाही.

२२ ऑगस्ट, मंगळवार.

पत्नीने, इंदुलेखेने, एक गोष्ट नजरेस आणली. सज्ज्याच्या खालच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवले आहे. सहा पाने.

घर तिच्या वडिलांचे, फ्रेंच अमदानीतले. लाकडी झडपांच्या हिरव्या खिडक्या, गार लाल जमीन आणि रस्त्याच्या अंगाला अर्धगोल सज्जा. कठड्याची लोखंडी नक्षी त्यांनी स्वतः कागदावर काढून लोहाराकडून करवून घेतली होती. इंदुलेखा रोज चार ते सहा तिथे चहा घेऊन बसते. मुलींच्या शाळेत शिकवीत होती, त्यामुळे निम्मी गल्ली तिची विद्यार्थिनी आहे. खालून कोणी ना कोणी 'दीदीमोनी' अशी हाक मारते, आणि ती वरून लग्ने जमवते, मोडते, नापासांना धीर देते. या सगळ्याचा बागकामाशी संबंध नाही. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिले.

पिंपळ उपटायचा म्हणजे पाप, असे ती म्हणेल ही माझी अपेक्षा होती. तिला उत्तर देण्यासाठी तीन मुद्दे तयार ठेवले होते. ते वाया गेले. ती म्हणाली, अहो, शनिवारीच मी त्याच्यापुढे दिवा लावून परवानगी मागून घेतलीय, आता तुम्ही तेवढा माणूस बोलवा.

निर्णय: पावसाळ्यानंतर. ओल्या भिंतीला हात लावणे अशास्त्रीय.

५ सप्टेंबर, मंगळवार.

खत तयार. मोहरीची पेंड पाण्यात कुजवली. कुंडू त्याच्या गच्चीवरून मला ओरडून सांगत होता की भादुडीमोशाय, दहापट पाणी घाला, फिक्क्या चहासारखा रंग आला पाहिजे. त्याचे घर एकमजली, त्यामुळे त्याची गच्ची नेमकी आमच्या माडीच्या पातळीला येते आणि आमच्या घरातील कोणतीही गोष्ट त्याच्या सल्ल्यावाचून राहत नाही.

विचारान्ती त्याचे म्हणणे अमान्य केले. जे थोडे दिल्याने वाढ होते ते अधिक दिल्याने अधिक वाढ व्हावी. घट्ट कॉफीच्या रंगाचे दिले. जास्तीचे पन्हळीतून सज्ज्याच्या बाजूला वाहून गेले.

वासाबद्दल तीन घरांतून विचारणा झाली. दुर्लक्ष केले.

१९ सप्टेंबर, मंगळवार.

एकोणीस कुंड्या निवर्तल्या. पानांच्या कडा जळल्या, मग सगळेच. कुंडूने विचारले की तुमची शेवंती उपोषणाला बसली आहे का, मागण्या तरी काय आहेत तिच्या.

त्याला सज्ज्याखाली नेले. पिंपळ दाखवला. चौदा पाने, एकेक पान तेल लावल्यासारखे. तेच खत, तेच पाणी, पन्हळीतून गळणारे. म्हणजे खतात दोष नाही. दोष कुंडूच्या रोपांत. त्याने आधी पिंपळाकडे, मग सज्ज्याकडे पाहिले, आणि तो म्हणाला, वहिनींना हा पुरावा पसंत आहे ना?

प्रश्न विषयाला सोडून होता.

निर्णय: खताबाबतचा माझा सिद्धान्त सर्वमान्य होईपर्यंत पिंपळ जागेवर राहणे आवश्यक. दृष्टान्त नष्ट करून सिद्धान्त मांडता येत नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार.

आज दुर्गापूजेची षष्ठी. पूजेच्या दिवसांत गवंडी मिळत नाही हे सर्वज्ञात आहे. इंदुलेखेला तसे सांगितले. ती म्हणाली की श्रावणात पाऊस, भाद्रपदात पुरावा, आश्विनात पूजा. कार्तिकासाठी काय योजलेय तेवढे आत्ताच सांगा, म्हणजे मी वाट पाहणार नाही.

उपरोध हा युक्तिवाद नव्हे.

शिल्लक कुंड्या: सतरा.

२९ ऑक्टोबर, रविवार.

सज्जा भिंतीला मिळतो तिथे केसाएवढी रेघ दिसते. रेघ जुनी की नवी, स्थिर की वाढती, हे पाहिल्याशिवाय घाबरणे योग्य नाही. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली, तारीख घातली.

४ नोव्हेंबर, शनिवार.

पट्टी फाटली. कागद हलक्या प्रतीचा होता. जाड कागद लावला.

८ नोव्हेंबर, बुधवार.

जाड कागदही फाटला. आता कापडाची पट्टी लावली आहे.

शेवंतीला कळ्या! नऊ कुंड्यांना. नियम असा की एका दांड्यावर एकच कळी ठेवायची, बाकीच्या खुडायच्या, म्हणजे सगळा जोम एका फुलात जातो. कोणती ठेवायची हा खरा प्रश्न. टोकाची कळी ज्येष्ठ, पण बाजूची अधिक भरलेली. दोन्ही पक्षांचे मुद्दे कागदावर मांडतो आहे. घाई करणार नाही. कुंडू या कामाला पंधरा मिनिटे देतो, हे त्याच्या शिक्षणाशी सुसंगतच आहे.

१२ नोव्हेंबर, रविवार.

टोकाच्या कळीच्या बाजूने निर्णय दिला. वर गेलो. दरम्यान चार कुंड्यांवर माव्याची कीड पडली होती. पाच उरल्या.

कापडाची पट्टी फाटलेली नाही. म्हणजे रेघ थांबली. इंदुलेखेला दाखवले. तिने पट्टीखाली बोट घातले. बोट आत गेले. ती म्हणाली की कापड ताणले जाते हो, वर्गात पोरींना एवढे कळायचे.

२३ नोव्हेंबर, गुरुवार.

जगद्धात्री देवीची मिरवणूक पार पडली. दरवर्षीप्रमाणे अकरा नातेवाईक आले होते. इंदुलेखेने कोणालाही सज्ज्यावर जाऊ दिले नाही. दाराला खुर्ची लावून स्वतः तिच्यावर बसली आणि सर्वांना खिडकीतून मान काढून पाहायला लावले. तिच्या मावशींनी खुर्चीच्या पाठीवरून वाकून बरेच ऐकवले: तुझा बाप असता तर बाहेर पाटावर बसवून संदेश-मिठाई खायला घातली असती. ती खुर्चीवरून उठली नाही.

तिची ही सावधगिरी अतिरेकी वाटते. तरी वाद घातला नाही. फुलांचे दिवस आहेत.

३० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ३.

इंदुलेखा बहिणीच्या मोतीबिंदूसाठी तीन दिवस इथल्या जवळच्या श्रीरामपूरला गेली आहे. जाण्यापूर्वी तिने परस्पर नुरुल मिस्त्रीला सांगून ठेवले होते. तो आज दोन माणसे, बांबू आणि चुन्याच्या गोण्या घेऊन दारात.

बांबू गच्चीपर्यंत चढणार. जुना चुना खरवडणार. धूळ उडणार. गच्चीवर पाच कळ्या, उमलण्याच्या बेतात. धूळ पाकळ्यांवर बसली तर ती पुसता येत नाही.

नुरुलला शांतपणे सांगितले की प्रदर्शन झाल्यावर ये. तो म्हणाला, मास्टरबाबू, आज मूळ बोटाएवढे आहे, महिन्याने मनगटाएवढे होईल. आणि मी उद्यापासून भद्रेश्वरला गोदामाच्या कामावर, पौष संपेस्तोवर मोकळा नाही. मी म्हणालो, हरकत नाही. तो म्हणाला, दीदीमोनींना विचारू का फोनवर? मी म्हणालो, त्या रुग्णालयात आहेत, त्यांना त्रास नको.

पाकळ्यांची सुरक्षितता हे आजच्या दिवसाचे फलित.

३ डिसेंबर, रविवार.

ती परतली. विचारले, नुरुल आला होता का? मी म्हणालो, येऊन गेला. हे विधान सत्य आहे.

ती सज्ज्याखाली जाऊन आली. म्हणाली, पिंपळ तर आहे. मी म्हणालो, काम टप्प्याटप्प्याने होते. हेही सर्वसाधारणतः सत्य आहे.

सज्ज्यावर बसणे तिने बंद केले आहे. चहा घेऊन दाराच्या आत बसते. खालून हाका येतात तेव्हा मान बाहेर काढते.

कळ्या: तीन.

१७ डिसेंबर, रविवार.

सकाळी गिलाव्याचा परातीएवढा तुकडा रस्त्यावर पडला. कोणाला लागले नाही. कुंडूने धावत येऊन खाली दोरी बांधली आणि आपल्या दोन कुंड्या मध्ये ठेवल्या, लोकांनी वळसा घ्यावा म्हणून. त्याच्या त्या कुंड्यांतील फुले नारळाएवढी आहेत. जाणारा-येणारा थांबून पाहतो. हेतूबद्दल शंका घेण्यास जागा आहे.

त्याच सुमारास इंदुलेखा मासळीबाजारातून परतली. तिथे नुरुलची बायको भेटली होती.

पिशवी ठेवून तिने एवढेच विचारले, तुम्ही त्याला परत पाठवलेत? मी म्हणालो, हो. तिने विचारले, का? मी तर्कशास्त्राच्या क्रमाने प्रथम पक्ष मांडला, मग हेतू मांडू लागलो. ती आत गेली. डाळ उतू जात होती, असे मी समजलो. चूल पेटलेली नव्हती हे नंतर लक्षात आले.

एक फूल उमलले. उरलेल्या दोन कळ्या उंदराने.

२२ डिसेंबर, शुक्रवार.

नुरुल दुपारच्या नमाजानंतर आपणहून आला. बायकोने पाठवले असावे. शिडीवर चढून सांध्यात हात घातला, कोपरापर्यंत. उतरल्यावर माझ्याशी नाही, इंदुलेखेशी बोलला: दीदीमोनी, आता हा उपटायचा नाही. आधी सज्ज्याने झाड धरले होते, आता झाडाने सज्जा धरला आहे. झाड काढले तर सज्जा आजच खाली, ठेवले तर उन्हाळ्यात खाली, आणि तेव्हा खाली कोण असेल ते मला ठाऊक नाही. एकच होईल, दोन्ही हळूहळू उतरवून घेऊ.

तिने विचारले, कठडा वाचेल? तो म्हणाला, कठडा काढून देतो, सज्जा मात्र पुन्हा असा होणार नाही, असे चुन्याचे काम करणारे हात आता नाहीत.

तिने विचारले, किती दिवस? दोन. गोदामवाल्याकडून दोन दिवस सुटी मागतो, म्हणाला. ती म्हणाली, उद्यापासून लाग.

प्रदर्शन परवा. माझ्या फुलाचा उल्लेख कोणी केला नाही. मीही केला नाही.

२४ डिसेंबर, रविवार.

फूल सायकलरिक्षातून मांडीवर घेऊन गेलो. परीक्षकाने विचारले, ही लहान जातीची शेवंती का? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मग तुम्ही चुकीच्या गटात नाव दिलेले नाही. सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले. त्यावर माझे नाव 'उमाप्रसाद' असे लिहिले आहे. मी उमाप्रसन्न.

पहिले पारितोषिक कुंडूला. तो ते घ्यायला आला नव्हता. तो आमच्या दारात नुरुलबरोबर कठड्याचे तुकडे उतरवून घेत होता.

संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा सज्जा नव्हता. पिंपळ विटांसकट हातगाडीवर होता, मुळे विटांभोवती आवळलेली. पाने अजून तेलकट. मी प्रमाणपत्राची गुंडाळी काखेत धरून उभा होतो. कुंडूने विचारले, काय झाले? मी म्हणालो, सहभाग. तो म्हणाला, बरे झाले, आता दुसरी बाजू उचला.

२६ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी ५.

सज्ज्याच्या दाराला आडव्या दोन फळ्या ठोकल्या आहेत. दार उघडले तर बाहेर काही नाही.

चार वाजता इंदुलेखेने चहा केला आणि कुठे बसावे हे न कळल्यासारखी कप घेऊन घरभर फिरली. खालून कोणा मुलीने हाक मारली, दीदीमोनी, पास झाले! ती फळ्यांपाशी गेली आणि आतूनच म्हणाली, शाब्बास ग. इतक्या हळू की मलाही जेमतेम ऐकू आले. मी जिना उतरून खाली गेलो. मुलगी गेली होती.

माझ्या अभ्यासिकेची खिडकी रस्त्यावर आहे. तिच्याशी माझे लिहिण्याचे मेज आहे, बावीस वर्षे. ते तिथून हलवून इंदुलेखेची खुर्ची ठेवावी, असा संकल्प लिहिण्यासाठी वही उघडली. लिहिता लिहिता कारणे सुचू लागली: पुस्तके, प्रकाश, मेजाचे वजन.

लिहिणे थांबवले.

६.१५.

मेज एकट्याने हलले नाही. कुंडूला हाक मारली. तो म्हणाला, वहिनींची खुर्ची ना? आणि त्याने एक टोक उचलले. मेज आता भिंतीशी आहे. तिथे उजेड येत नाही. ही नोंद दिव्याखाली लिहीत आहे.

तिने खुर्ची ठेवली, बसली. खिडकीची चौकट उंच आहे, हे आम्हा तिघांपैकी कोणीही आधी पाहिले नव्हते. बसल्यावर रस्ता दिसत नाही. कुंडूची गच्ची दिसते. तीस-चाळीस कुंड्या, सगळ्या फुललेल्या.

तिला विचारले, चालेल का? ती म्हणाली, फुले छान आहेत.