लेकराची तारीफ

आई, तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि तुझा नातू बावीस वर्षांचा झाला. तू पाहिलास तसाच आहे. चालत नाही, बोलत नाही, फिट येतात. फक्त आता दाढी आलीय आणि उचलायला दोन माणसं लागतात.

माझ्या लहानपणी एकदा शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, "काय केलंय गं जेवायला?" आणि मी खरं ते सांगून टाकलं, की पीठच संपलंय. तू उलथनं घेऊन चुलीपुढून उठलीस. "घरातलं उणं चार माणसांत काढायचं न्हाई!" ते माझ्या अंगात इतकं मुरलं, की यंदा त्यापायी तुझ्या नातवाचंच नुकसान होत होतं.

त्याच्या लहानपणी काढलेल्या अपंगत्वाच्या दाखल्याची मुदत संपली होती. नव्या दाखल्यावर त्याला किती आधार लागतो ते लिहून आलं, तरच व्यायाम करून घेणारी ताई घरी येत राहणार. ती आली नाही की त्याचे पाय आखडतात आणि तो दिवसभर कण्हतो. म्हणून तपासणीला हिंगोलीला निघालो. मी त्याला नवा शर्ट घातला, चापून तेल लावलं, वर पावडर. डॉक्टरबाई विचारताहेत, जेवतो का? मी म्हणते, "बराबर जेवतो." एकेक घास कुस्करून भरवायला तास जातो, ते गिळून टाकते. झोपतो का? "गाढ!" फिट? "येते कधीमधी." बाईंनी मी सांगितलं तेच लिहिलं. आधार थोडाच लागतो, असा कागद हातात आला आणि ताईचं येणं थांबलं.

त्या दिवशी परतताना तुझे जावई एसटीत खदखदा हसले. "काहून इतकी तारीफ करून राहिली होतीस? पोराला स्थळ आलं होतं का?" मला मात्र रडू येत होतं.

ताईनंच फेरतपासणीचा अर्ज लिहून दिला. म्हणाली, "मावशी, तारीफ घरी करा. तिथं एक दिवस सांगा, जसाच्या तसा." मग मी सांगितला. सकाळच्या लंगोटापासून रात्री चार वेळा कूस बदलण्यापर्यंत. पोरगं वरच्या पंख्याकडे बघून हसत होतं. शेवटी राहवलं नाहीच, म्हटलं, "पण मॅडम, हसतो लई गोड." बाई म्हणाल्या, "तेही लिहू का?"

दाखला आला. आत्ता ताई त्याचे पाय ताणतेय आणि तो तिच्यावर ओरडतोय. मला तो आवाज इतका गोड लागतो, काय सांगू!

रविवारी नरसीला पुतणीचं लग्न आहे. या वेळी त्याला नेणार आहे, पहिल्या रांगेत बसवणार आहे. हे पत्र त्याच्या फायलीतच ठेवते, तुझ्या गावाला पोस्ट नाही. आणि एक राहिलंच. आजवर त्याला कुठल्याच लग्नाला नेलं नाही. कुणी विचारलं की मी सांगायचे, आमच्या आईला चालायचं नाही ते. तू तसं कधीच म्हणाली नव्हतीस गं. लाज मला वाटायची.