भिंतीवरची खडूची रेघ

मंगळवार, दिवेलागणीनंतर

दादानं पिकअपला पांढरे एचआयडी दिवे बसवले. उजेड किती उंचीवर पडावा, त्याची खडूची रेघ गोठ्याच्या भिंतीवर मीच मारली. गाडी तेव्हा रिकामी होती. कांद्याच्या गोण्या भरल्या की ती मागून दबते आणि उजेड वर चढतो, हे मी बोलले होते. "लई इंजिनिअर झालीस!" म्हणाला. मी रेघ तशीच ठेवली. का ठेवली?

आज दिवेलागणीला तो गोण्या भरून पाटोद्याला गेला. जरा वेळानं बाबा त्याच रस्त्यानं मोटारसायकल ढकलत घरी आले, कोपर सोललेलं. "कोण्या गाढवानं डोळ्यावर उजेड मारला. नालीत गेलो."

हळद लावताना ती रेघ डोळ्यांसमोरून हलेना. तेवढ्यात पाटोद्याहून दादाचा फोन. "काय उजेड हाय गं! समोरचे आपोआप बाजूला व्हायलते!"

मी फोन बाबांच्या हातात दिला.