पुलापलीकडची दहा मिनिटं

सोलापूर, १२ नोव्हेंबर १९७६

तीर्थस्वरूप शिवपुत्र अण्णा यांना धाकट्या बहिणीचा नवरा भीमाशंकर याचा मनापासून नमस्कार. तुमचा दमा आणि वहिनींचा गुडघा दोघेही शहाण्यासारखे वागत असतील अशी आशा. कमलम्मानं पाठवलेल्या कार्डात ‘हे परदेशात अडकले होते’ एवढंच लिहिलंय, आणि ते वाचून वहिनींनी अन्नपाणी सोडलं असं कळलं. (एका वेळचंच, असंही कळलं.) म्हणून सविस्तर लिहितो.

कैलासाची वाट बंद आहे, लांबूनच हात जोडायचे तर आपल्या दुधनीतल्या घरूनच जोड की, असं तुम्ही तिला बजावलं होतं. पण तुमच्या वडिलांनी जन्मभर कैलासाचा ध्यास घेतला आणि गेले अक्कलकोटपर्यंतच. तेव्हा मोटार जिथवर जाईल तिथवर जाऊन त्यांच्या नावानं हात जोडायचे, हा तिचा हट्ट. दिल्लीच्या पुढं टनकपूर, तिथून दोन दिवस मोटार डोंगराला वेढे घालत राहते. (मी खिडकीतून काय काय केलं ते लिहीत नाही. शेजारी कमलम्मा शांतपणे कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होती.)

शेवटी धारचुला आलं. अण्णा, आपली भीमा पुरातसुद्धा एवढी ओरडत नाही. दोन्ही अंगांना मान मोडेल एवढे डोंगर, मधे काली नदी, तिच्यावर झुलता पूल आणि पलीकडे नेपाळातलं दार्चुला. ‘ध’चा ‘द’ केला की देश बदलतो! आणि त्या देशाचं घड्याळ आपल्यापुढं दहा मिनिटं. तीस वर्षं मी नव्या पेठेत लोकांची घड्याळं दुरुस्त करून एका वेळेला आणतोय. इथं दोन गावं समोरासमोर बसून दोन वेळा पाळतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. मी थक्कच झालो.

अलीकडे बाजार, लोकरीची घोंगडी, मोटारींची धूळ. पलीकडे दगडी पाट्यांची छपरं, संत्री आणि शांतता. कुठलं गाव बघण्यासारखं, यावर पलीकडे जाताना आमचं पुलावरच भांडण झालं: ती म्हणे आपलं, मी म्हणे पलीकडचं. सांजेची पूजा करायला कमलम्मा लवकर आपल्या काठाला परतली. मी दार्चुल्यातच चहा घेऊन पाचाला दहा कमी असताना पुलाशी आलो, तर शिपायानं फाटक लावलेलं. मी मनगट दाखवलं. त्यानं चौकीतलं घड्याळ दाखवलं. “इथं पाच वाजले,” तो म्हणाला, “उद्या या.”

समोर, आपल्या काठावर कमलम्मा उभी. मी ओरडलो, ती ओरडली, नदी दोघांहून मोठ्यानं ओरडली. अखेर तिनं तोंडाशी घास नेऊन दाखवला, म्हणजे जेवून घ्या. तीस वर्षांच्या संसारात एवढं स्पष्ट बोलणं आमच्यात कधी झालं नव्हतं. चहावाल्या धनसिंगानं वरणभात वाढून घरात झोपायला जागा दिली.

पहाटे काठावर आलो. दरीच्या टोकाला बर्फाचं शिखर आधी लालसर, मग पिवळं, मग बघवेना एवढं पांढरं झालं. ऊन डोंगरावरून खाली उतरू लागलं ते समोरच्या, आपल्या काठावर. ज्या गावाचं घड्याळ मागं, त्यालाच ऊन आधी! कमलम्मा उन्हात हात जोडून उभी होती आणि मी दहा मिनिटं पुढं असूनही सावलीत कुडकुडत होतो. तिचे ओठ हलत होते. ती वडिलांशी बोलत होती, अण्णा. मीही हात जोडले. त्या क्षणी किती वाजले होते, हे बघायचं मला सुचलं नाही. आणि समोरचं गाव जास्त देखणं, हे मी तिथंच मान्य केलं.

वहिनींना नमस्कार, आणि घरात जे जे हसतील त्या सगळ्यांना माझे आशीर्वाद.

आपला,
भीमाशंकर

ता. क. : कमलम्मा पुढच्या कार्तिकात पुन्हा जायचं म्हणते. माझं पोट त्या मोटारीला तयार नाही. वडील तुमचेही होते. तेवढं तिच्याबरोबर तुम्ही जावं.

ता. क. (कमलम्माच्या हातचा) : अण्णा, मी पुन्हा जायचं म्हटलंच न्हाय. ह्यांनाच जावं लागणार हाय. चहा पिताना ह्यांनी धनसिंगाचं चालतं घड्याळ भिंतीवरून उतरवून उघडलं, त्यात तास गेला म्हणून फाटक चुकलं. आज कोट धुवायला काढला तर खिशात त्याचा मोठा काटा निघाला. तुमी सोलापूरला येताना धनसिंगाला द्यायला एक चांगलं, ह्यांनी न उघडलेलं घड्याळ घेऊन या. तो मानूस लई भला हाय.