पलीकडचा धूर

२८ जानेवारी

लाइट गेली. जेवण लाकडाच्या चुलीवर होतं म्हणून निभावलं. अल्बर्टाहून नवऱ्याचा, लॉकीचा फोन आला. "लाकडं जपून वापर हं. दिसलं लाकूड की घातलं चुलीत, असं करू नकोस. आठवडाभर वादळ आहे म्हणतात." मी म्हटलं, एवढी काळजी आहे तर नोकरी सोड आणि ये इथे लाकडं राखायला. हसला — आणि मध्येच फोन मेला. परत लागलाच नाही.

घर एवढं करकरतं हे मला माहीत नव्हतं. नवरा घोरत असतो तेव्हा ऐकू येत नाही.

२९ जानेवारी

सकाळी जरा उघडलं. आधी नदीपलीकडे बघितलं — एफीच्या धुराड्यातून धूर. हुश्श. फोन गेले की आमचा हाच फोन. ब्याऐंशीची बाई, एकटी राहते, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हाच तिने सांगून ठेवलं होतं, "पोरी, धूर दिसला नाही तर मी मेले समज. आणि येशील तेव्हा आधी ओटकेकच्या बिस्किटांचा डबा उचल, नाहीतर माझा भाचा नेईल."

दुपारपासून परत वारा. पाण्याचा पंप बंद, बर्फ वितळवून चहा केला. कसली तरी चव लागते त्याला.

३० जानेवारी

लाकडाच्या शेडचं दार बर्फाखाली गेलं. फावड्याने खणून खणून हात बधिर झाले, दार काही हललं नाही. घरात एक पेटीभर लाकूड उरलंय. ते संपलं की काय करायचं? चक्क रडले.

मग तळघरातला रॉकेलचा हीटर आठवला. वर ओढून आणला, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, खिडकी बोटभर उघडी ठेवली. चूल विझवली. लाकूड राखून ठेवलं, अगदीच नड आली तर. लॉकी म्हणेल, शहाणी झालीस!

३१ जानेवारी

वारा पडला. एफीचा धूर सरळ वर. आहे बाई.

१ फेब्रुवारी

एफीचा धूर नाही.

सकाळी लख्ख होतं, तरी नाही. काच पुसून बघितलं. उठली नसेल म्हटलं. पण ती कधी उशिरा उठते? जेवणवेळ झाली तरी नाही. कोट, बूट सगळं चढवून निघाले तोवर वारा सुटला. पायरी उतरले तर कमरेइतका बर्फ, आणि तोंड उघडलं की श्वासच कोंडतो. आमचं कुंपणसुद्धा दिसेना. परत फिरले.

भित्री आहे मी. आणि खरं सांगायचं तर वाऱ्यापेक्षा तिच्या दाराची भीती वाटते. ते उघडायचं, आणि ती आत तशी...

खिडकीपासून हलवत नाही मला.

२ फेब्रुवारी

मर्डॉक आला स्नोमोबीलवर. रस्त्यावरचा बर्फ काढायचं काम करतो, लॉकीचा शाळेपासूनचा दोस्त. दारातूनच, "आहेस होय! तुझ्या घरावर धूर नाही, म्हटलं गेली ही गारठून." मी हीटर दाखवला. चहासुद्धा विचारला नाही, आधी एफीकडे पिटाळलं.

परत आला तो टोपी हातात घेऊन. म्हटलं, सापडली ती तशी. पण म्हणाला, "घरात नाही गं म्हातारी. चूल गार. बर्फात चालायचे जोडे खिळ्यावर नाहीत."

"भाच्याकडे गेली असेल."

"ती? भाच्याकडे? मेली तरी जायची नाही."

बोलून गेला आणि टोपी डोक्यावर ओढली.

संध्याकाळ

मर्डॉकला विचारलं, फडताळावर ओटकेकचा डबा होता का. नव्हता म्हणाला.

मी चूल विझवल्यापासून माझ्याही धुराड्यातून धूर नव्हता. ती मला बघायला निघाली.

मर्डॉक नदीच्या पुलाकडच्या झाडीत शोधतोय. मी चूल पेटवलीय. पेटीतलं लाकूड ओलं करून घातलंय, मोठा धूर व्हावा म्हणून.