समोरचं टोक

४ मार्च
ताईचा दात पडला. पुढचा. आईला म्हणाली, बादलीची कडी लागली. बादली तोंडापर्यंत कशी पोचली, हे आईनं विचारलं नाही. मीही नाही. मला ती बादली चांगली ठाऊक आहे! रोज सकाळी हातमोजे घालून माझ्यासमोर उभी राहते आणि म्हणते, "चल मेव्हण्या, उचल!"

ताईचा नवरा, म्हणजे भावजी, आणि मी एकाच ठिकाणी कामाला. दुकानांना, कचेऱ्यांना मोठाल्या काचा बसवायच्या. मोठी काच एकट्याच्या बापाच्यानंही उचलवत नाही. एक टोक त्याचं, समोरचं माझं. पुढचा "पायरी" म्हणाला की मागच्यानं न बघता पाय उचलायचा, इतका भरवसा लागतो. आणि कारागीर म्हणून त्याचा हात धरणारा कोणी नाही. सगळे त्याला उस्ताद म्हणतात.

५ मार्च
आई म्हणते, बोभाटा नको, आपलेच दात आपलेच ओठ.
दात राहिलाय कुठे!

७ मार्च
मारला! दुकानामागे, फुटक्या काचांच्या पिंपाशी. आधी पोटात, मग तोंडावर, मग कुठे ते आठवत नाही. तो पिंपावर आडवा झाला, तळहात फाटला. "पुन्हा ताईला हात लावलास तर जिवंत ठेवणार नाही" म्हणालो. तो रक्त चाटत उठला, शर्ट झटकला, घरी गेला.
मजा आली. खोटं कशाला लिहू? घरी येऊन पोटभर जेवलो. आईला म्हटलं, झाली व्यवस्था.

८ मार्च
ताई इस्पितळात. डावा हात दोन ठिकाणी मोडलाय. कानातून रक्त येत होतं. माझी भाची पलंगाखाली शिरून बसली होती, शेजारणीनं ओढून काढली. हात मोडताना तो म्हणत होता, "हा तुझ्या भावाचा हिशेब. मी कोणाचं ठेवून घेत नाही."
ताईनं डॉक्टरला सांगितलं, जिन्यावरून पडले. यांचं घर तळमजल्यावर आहे.
मी म्हटलं, आत्ता जातो आणि त्याचा मुडदा पाडतो. ताईनं धड हातानं माझी कॉलर धरली. एवढा जोर कुठून आला तिच्यात!
"तू त्याला मारलंस, घरी गेलास, जेवलास, झोपलास. मी कुठे जाणार होते रे? मी त्याच्याच घरात होते ना!"
मग म्हणाली, "मला विचारलं होतंस?"
नव्हतं विचारलं.

९ मार्च
दिवसभर डोकं फिरलेलं. माझे ठोसे होते. पोचते झाले ताईकडे.

११ मार्च
आज विचारलं. ताई, काय करू सांग. तू म्हणशील ते.
 ती म्हणाली, "घरी तो कोणाला भीत नाही. पोलिसालाही चहा पाजेल. पण तिथं तुमच्यात त्याला उस्ताद म्हणतात ना, ते त्याला जिवापाड हवं असतं. तिथं सांग. सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडावर."
"उद्याच सांगतो!"
"उद्या नाही. मी पोरीला घेऊन बाहेर पडेन त्या दिवशी. आधी एक शब्द काढलास तर मला मारून टाकेल तो. समजलं?"
समजलं. पण तोवर? तोवर त्याच्यासमोर उभं राहून काचा उचलायच्या. रोज!

१४ मार्च
तिसरा मजला, लिफ्ट बंद. तो खाली, मी वर. मध्ये काच. धार नीट त्याच्या गळ्याच्या रेषेत. घामानं माझे हातमोजे सरकत होते. नुसती बोटं सैल केली असती तरी पुरे होतं, सगळे म्हणाले असते, अपघात. तो खालून हसून म्हणाला, "काय मेव्हण्या, दम लागला?"
पायरी, म्हणालो मी. पायरी. पायरी.
वर काच टेकवली आणि संडासात जाऊन ओकलो.

१६ मार्च
ताई इस्पितळातून पुन्हा त्याच्याच घरी गेली आहे. निरोप पाठवून विचारलं, कधी? उत्तर: "थांब."
आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. आई, ती मूठ झाकलेली नाही गं, ताईच्या तोंडावर आहे! ओरडलोच तिच्यावर. मग ती रडत बसली, आणि मी जेवलो नाही.

१९ मार्च
आज!
तो कामावर आला आणि ताई पोरीला घेऊन आमच्या घरी आली. एक पिशवी आणि प्लास्टरमधला हात. आईनं दार उघडलं, ते प्लास्टर पाहिलं आणि बोभाट्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.
दुपारी सगळे डबे उघडून बसले होते. मी उभा राहिलो.  मला वाटलं होतं मी गर्जना करीन, आवाज निघाला तो बकरीसारखा. म्हटलं, "याने माझ्या बहिणीचा दात पाडला. हात मोडला. मी याला मारलं, म्हणून मोडला."
 आमच्यातला एक जण सतत बडबडतो, त्याला आम्ही रेडिओ म्हणतो. तो हसला, "जाऊ दे रे, घरोघरी मातीच्या चुली." भावजी घास चावत म्हणाला, "माझी बायको आहे. तुमच्या कुणाच्या पोटात का दुखतंय?"
तेव्हा मुकादम उठला. केस पांढरे झालेला माणूस, कधी आवाज चढवत नाही. डबा बंद केला आणि म्हणाला, "आजपासून याच्या समोरचं टोक मी धरणार नाही."
बस्स, एवढंच. मग एकेक जण तसंच म्हणाला. रेडिओ सगळ्यात शेवटी, मान खाली घालून.

२० मार्च
उस्ताद एकटा काच उचलायला गेला. कोणी हललं नाही. काच तिरपी झाली आणि फुटली, मनगटापासून कोपरापर्यंत कापला तो. आम्ही धावलो. रक्त थांबवलं, पट्टी बांधली, रिक्षात घातलं. टोक मात्र कोणी धरलं नाही.
जाताना म्हणाला, "तिला सोडणार नाही."

२३ मार्च
आला. धड हातात लोखंडी पहार. आमच्या दारावर पहिला घाव बसला आणि भाचीला एकदम लघवी झाली. मी कडीला हात घातला, ताईनं मागे ओढलं. मुकादमाला फोन केला.
चौघं आले. मुकादम पुढे. पहार त्याच्या खांद्यावर बसली, हाडाचा आवाज मी दाराआडून ऐकला. त्यानं हात उचलला नाही. ताईची अट होती, मारायचं नाही, अडवायचं. मुकादम म्हणत राहिला, "मला मार. आत जायचं नाही." शेवटी पोलीस आले आणि भावजीला घेऊन गेले.
ताईनं तक्रार लिहून दिली. या वेळी बादली नाही, जिना नाही. नवऱ्याचं नाव लिहिलं.
आई मुकादमाच्या पाया पडायला निघाली होती. देवमाणूस म्हणते.

२६ मार्च
भाची आज आमच्याकडे प्रथमच पलंगावर झोपली, खाली नाही. ताईला हसताना पाहिलं. मधे फट दिसते. म्हणाली, "शिट्टी छान वाजते आता." वाजवूनही दाखवली, वेडी!
जामीन मिळाला तर काय, ही धाकधूक आहेच. पण चौघं आलटून पालटून आमच्या दारावरून जातात. मुकादमही, खांदा बांधलेला असताना.

२९ मार्च
मुकादम उद्यापासून कामावर येतोय. जड काही उचलणार नाही, पण माझ्या जोडीला राहणार. खरं सांगायचं तर बापासारखा वाटायला लागलाय.

३० मार्च
ताई मुकादमाच्या घरी आभार मानायला गेली होती. तो कामावर होता. परत आली ती चप्पल न काढताच बसली. म्हणाली, त्यांच्या बायकोनं एवढ्या उकाड्यात लांब बाह्या घातल्या होत्या. कप ठेवताना बाही वर सरकली, काळेनिळे वळ दिसले.
मी म्हटलं, काहीतरी गैरसमज असेल. मुकादम? छे!
"मी विचारलं तिला," ताई म्हणाली. "लग्न झाल्यापासून. उद्या तो कामावर गेला की ती लेकीकडे निघणार आहे. मग सांगा म्हणाली, सगळ्यांसमोर."