माईक मी बंद केला

जुन्नर,
१६ ऑक्टोबर २०२४

अश्विनीताईंना महंमद हनीफचा सलाम.

आम्ही सगळे खुशाल. ताहेराचा गुडघा तेवढा कुरकुरतो. नवा ॲम्प्लिफायर मीच जोडला. शाळा नववीपर्यंतच, पण सर्किट शिकायला कुणाचे पाय धरले नाहीत. तुमच्या वडिलांची, अण्णांची तब्येत ठीक. चालतात, जेवतात. यंदाही आमदारकीला उभे राहणार आहेत.

मागल्या खेपेला तुम्ही "आता पुरे" म्हणालात, तरी ते उभे राहिले, आणि तुमचं माहेरी येणं थांबलं. त्यावर मी बोलणारा कोण? पण घाटघरच्या शाळेतले मास्तर, आपले अण्णा, सहा वेळा निवडून आले ते माणसं ओळखून. डिंभे धरणात गेलेल्या घरांवर विधानसभेत बोलले, ते हातात कागद न घेता, एकेकाचं नाव घेत. दहावा कुणाचाही असो, अण्णा नदीवर हजर. मयताच्या आज्याचंही नाव तोंडपाठ. माईक माझा, ओठांपासून वीतभर, जरा डावीकडे.

परवा सोमवारी निमगाव सावाला गोरखचा दहावा होता. त्याचे थोरले भाऊ धर्माजी, अण्णांचे जुने दोस्त, पुढंच बसलेले. अण्णा श्रद्धांजलीला उठले. म्हणाले, "आपले धर्माजी आज आपल्यात..."

मी बटण दाबलं.

अण्णा बोलतच राहिले. वाऱ्यात मागं कुणाला काही ऐकू गेलं नाही. "हनीफभाई, मशीन भंगारात घाला की राव!" कुणीतरी ओरडलं, चारजण हसले. मी मान खाली घालून पिन हलवत बसलो. आजवर माझा माईक एकदाही बंद पडलेला नाही, ताई.

गाडीत बसताना अण्णा मला म्हणाले, "हनीफ, तुझं वय झालं. आता थांबावं माणसानं."

मी "हो अण्णा" म्हणालो.

वायर गुंडाळत होतो तर धर्माजी शेजारी येऊन उभे राहिले. "मशीन चांगलं व्हतं," म्हणाले. "मी पुढंच व्हतो ना. अश्विनीला कळव. अण्णा ऐकला तर तिचंच ऐकंल."

म्हणून हे पत्र. फोनवर मला बोलता आलं नसतं.

अर्ज भरायच्या सभेचा माईकही मलाच सांगितलाय. बाजारतळावर आठ कर्णे लागतील. तिथं माझा हात बटणावर जायचा नाही. त्याआधी या. भांडायला या, पण या.

ज्याचा माईक बंद पडला नव्हता, तो तुमचा
महंमद हनीफ